मान हलवायची नाही

दिगू, तुझी शोकसभा झाली. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. ओरोसहून, जिल्ह्याच्या कचेरीतून, एक साहेब आले होते. त्यांनी तुला 'मेंदूचे थोर छायाचित्रकार' म्हटलं, जसा काही तू लग्नांतून फोटो काढत फिरत होतास. त्यांच्यानंतर कुठल्याशा संस्थेचे अध्यक्ष उठले आणि म्हणाले की तुझ्या संशोधनामुळे आपल्या तालुक्यातल्या ज्येष्ठ नागरिकांचे मेंदू मोठे झाले. सभागृहातल्या सगळ्या माना हलल्या. इतक्या एकजुटीनं चुकीच्या उत्तराला मान हलवणारी माणसं मी एवढ्या वर्षांच्या मास्तरकीत पाहिली नव्हती. तू असतास तर खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला असतास आणि मला एकटीला ते ऐकत बसवलं असतंस. ते तसंही तू केलंसच.

मलाही बोलायला सांगितलं होतं. मी उठले नाही. तेव्हा सूत्रसंचालकानं परस्पर जाहीर करून टाकलं की बाईंना दुःख अनावर झालं आहे. अनावर झाला होता तो राग. तुझ्या पदव्या वाचून दाखवताना त्यांनी एक देशसुद्धा चुकवला. म्हणून तिथं जे बोलले नाही ते इथं लिहिते आहे. पदव्या लिहिणार नाही. त्या मला कधी पाठ नव्हत्या आणि त्यांचं मला कधी कौतुकही नव्हतं, हे तुला माहीत आहे.

आयुष्यभर मी तुला 'मेल्या' म्हणून हाक मारली. आपल्याकडे थोरल्या बहिणीनं भावाला दुसरी कुठली हाक मारायची असते? परवा सकाळी स्वयंपाकघरातून 'मेल्या, चाय निवली' असं ओरडणारच होते, आणि तोंड मिटून घेतलं. सवयीनं दोन कप झाला होता चहा. दोन्ही मीच प्यायले.

तुझं काम काय होतं ते गावात कोणाला कळलं नाही, आणि कळलं म्हणून जे सांगतात त्यांना तर अजिबात नाही. माणूस नवं काही शिकतो तेव्हा त्याच्या मेंदूत काय बदलतं, ते तू बघायचास. शिकण्याआधी त्याला एकदा त्या यंत्राच्या बोगद्यात झोपवायचं, शिकून झाल्यावर पुन्हा झोपवायचं, आणि आतल्या प्रतिमा ताडून बघायच्या. संपलं. शोकसभा एवढी लांबली, पण एवढं साधं कोणाच्या तोंडून निघालं नाही.

मला तू ते पहिल्यांदा दाखवलंस तेव्हा सुट्टीवर आला होतास. पडवीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलास. पडद्यावर राखाडी मेंदू आणि त्यावर लाल-पिवळे डाग. मी विचारलं, आत खरंच असं पेटतं का? तू हसलास. म्हणालास, पेटत काहीच नाही. मेंदूचा जो भाग जास्त काम करतो तिकडे ताजं रक्त जास्त जातं, तो बारीकसा फरक यंत्रातला चुंबक टिपतो. फरक इतका बारीक की पुष्कळ माणसांचा एकत्र हिशोब केल्याशिवाय हाती काही लागत नाही. मग कुठे रंग द्यायचा ते त्या हिशोबावरून ठरतं. म्हणजे रंग तुम्हीच भरता, मी म्हटलं. तू म्हणालास, हो. मी सांगितलं की आकृतीत रंग भरणाऱ्या पोरांना मी नववीत एकही मार्क दिलेला नाही.

तू चिडला नाहीस, हाच तुझा सगळ्यात मोठा दुर्गुण. उलट आणखी समजावत बसलास. शिकायला सुरुवात करताना माणसाचा मेंदू ठिकठिकाणी राबत असतो, हात सरावला की त्यातल्या कित्येक जागा शांत होतात, असं काहीतरी. मी म्हटलं, हे मी फळ्यासमोर उभी राहून रोज बघत आले. पोराला उमगलं की कपाळावरची आठी जाते. त्यासाठी खोलीएवढं यंत्र कशाला लागतं? तेव्हा तू लॅपटॉप मिटलास आणि म्हणालास,

"ताय, चेहरो खोटां बोलता. तुझ्या वर्गातली पोरां समाजलां म्हणान मान हलवत नव्हती. तुका घाबरत होती म्हणान हलवत होती."

मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तू परत गेलास. त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही, आणि आता सापडलं तरी ते कोणाच्या तोंडावर फेकायचं?

आईवरून मात्र आपण कधी नीट बोललोच नाही, नुसते भांडलो. आधी तिला झाकणीला काय म्हणतात ते आठवेना. मग तिच्या आठवणीतून शेजारीपाजारी गेले. मग मी गेले. माझ्याच तोंडाकडे बघून ती विचारायची, ती मास्तरीण खंय गेली? मी म्हणायचे, शाळेत गेली, येईल. तू तेव्हा दूरदेशी परक्या माणसांच्या डोक्यात काय चाललंय ते बघत होतास. फोन करायचास रविवारी. एका रविवारी मी तुला सांगितलं की आईला आज जेवण तोंडात घालायचं कळेना, पण मांडीवर अबोली दिल्या तर तिनं वळेसर केला. आपल्याकडचा तो दाट गजरा, एक फूल उलटसुलट नाही, दोरा कुठं गुंतला नाही. फोनवर तुझा आवाजच बदलला. तिचे हात बघत राहा, म्हणालास. नावं, तारखा, माणसं मेंदूत एकीकडे असतात, हातांनी शिकलेलं दुसरीकडे आणि खोल असतं, ते पुष्कळदा शेवटपर्यंत टिकतं. तू इतक्या उत्साहानं सांगत होतास की मला किळस आली. आईच्या आजाराचा आनंद झालेला एकुलता एक मुलगा, असं तुला मी मनात म्हटलं. नंतर तोंडावरही म्हटलं.

मग मे महिन्यात येऊन तू म्हणालास, तिला गोव्याला नेऊया, एकदाच यंत्रात झोपवूया. मी नाही म्हटलं. न्हाणीघराचं दार लोटलं तरी जी घाबरून रडायची, तिला त्या बोगद्यात घालायचं होतं तुला. तू वाद घातला नाहीस, फुगलास. ती गेल्यावर कितीतरी दिवसांनी एकदाच विषय काढलास, तोही अर्धवट.

"माका फोटो नको होतो, ताय. माका बघूचां होतां, आत काय उरलां ता."

"उरलां ता तिच्या हातात होतां," मी म्हटलं. "इलो असतस तर तुका दिसलां असतां."

तू उठून विहिरीकडे गेलास. ते भांडण तिथंच थांबलेलं आहे. मी बरोबर होते, आजही म्हणते. पण तुझं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, आणि हे तुला सांगायचं मी टाळलं.

पुढं तू परदेशातून पुण्याला आलास आणि तिथलीही नोकरी सोडून घरी आलास. आपण दोघंही बिनलग्नाचे. लोकांना वाटतं मी आईसाठी राहिले आणि तू शास्त्रासाठी. लोकांना काहीही वाटतं. तुझा बेत ऐकून मी कपाळाला हात लावला. आपल्याच गावातल्या म्हाताऱ्या माणसांना तू मृदंग शिकवणार होतास, आणि शिकण्याआधी नि नंतर त्यांना गोव्याच्या एका हॉस्पिटलात नेऊन त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेणार होतास. भजनाचे बुवा शिकवायला तयार झाले होते. रवळनाथाच्या देवळाचा सभामंडप मिळाला होता. मी म्हटलं, परदेशातले उंदीर संपले काय, म्हणून आता गावातले म्हातारे धरलेस? तू म्हणालास, उंदीर निदान चावतात, टोमणे मारत नाहीत.

मृदंगच का, ते तू कोणाला सांगितलं नाहीस. मला कळलं होतं. उतारवयात हात नवं काही शिकतात का, आणि शिकले तर ते कुठं साठतं, एवढंच तुला बघायचं होतं. तू आईचे हात शोधत होतास. उशिराच शोधत होतास, नेहमीप्रमाणे.

आणि तरी पहिलं नाव मी दिलं. तुला गंमत वाटली. तुझ्या यंत्राला मी नावं ठेवायचे आणि त्याच यंत्रात झोपायला पुढं. का, ते तेव्हा सांगितलं नाही. एका दुपारी मी परसात जास्वंदीसमोर उभी होते. फुलाचे भाग शिकवायला मी जन्मभर जास्वंद वापरली, आणि त्या दिवशी मधल्या त्या पिवळ्या ठिपक्यांच्या दांडीकडे बघताना मला 'पुंकेसर' हा शब्द आठवेना. दुपारभर आठवला नाही. संध्याकाळी भांडी घासताना आपोआप आला. शब्द सगळ्यांचेच अडतात, हे मला कळतं. पण आईचंही झाकणीपासूनच सुरू झालं होतं. मला भीती वाटली, दिगू. बाकीचं जायच्या आत हातांना काहीतरी शिकवून ठेवावं, असं वाटलं. आई वळेसर करायची, मी मृदंग वाजवीन. मास्तरीण खंय गेली म्हणून विचारणारं मला कोणी नसेल, निदान हात तरी कामात असतील.

शिकायला सुरुवात व्हायच्या आधीच्या प्रतिमा घ्यायला आम्हाला गाडीतून गोव्याला नेलंस, तो दिवस सभेत कोणी सांगितला नाही. खरं तर तोच सांगण्यासारखा होता. आत गेल्यावर मान जराही हलवायची नाही, तू गाडीत दहादा बजावलंस. सगळ्यांनी माना हलवून हो म्हटलं. मग एकेकाला आत घातलंस, कानात मृदंग लावलास, आणि जे व्हायचं तेच झालं. डबलबारीची, दोन बुवांच्या चढाओढीची भजनं ऐकत म्हातारी झालेली माणसं ती. एक बुवा समेवर आला की एकजात मान डोलावणारी माणसं. तोवरच्या तुझ्या सगळ्या प्रतिमा पुसट आल्या. डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा कोंबल्यास तरी नानांची मान हललीच. नाना म्हणजे देवळाचे मानकरी, त्यांना तू काय बोलणार? ते बाहेर येऊन तुलाच म्हणाले, "मिरदंग ऐकान जेची मान हलणा नाय, तो माणूस कसलो?" इतकी वर्षं शिकून आलेल्या तुला हे आधी सुचू नये, याचं मला फार समाधान वाटलं.

माझी पाळी आली. आत ठणाठण आवाज, नाकासमोर छत. मला आई आठवली. ती इथं घाबरून मेली असती, हे नक्की. इतरांना तू माइकवरून शुद्ध मराठीत सूचना देत होतास. माझ्या कानात मात्र तुझा घरचा आवाज आला. ताय, मान हलव नुको. मी हलवली नाही. बाहेर आल्यावर म्हणालास, तुझी मान दगडासारखी आसा, एक केस हलाक नाय. जन्मात तू माझं केलेलं हे एकच कौतुक. आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी वाटून गेलं की आईच्या कानात जर असा तुझा आवाज आला असता, तर ती कदाचित गप्प पडून राहिली असती. लगेच तो विचार मी झटकला.

नंतरची फजिती देवळातली. तू सगळ्यांना सभामंडपात बसवून सांगितलंस की निम्मे आता शिकतील आणि निम्मे थांबतील. थांबणाऱ्यांनी मृदंगाला हात लावायचा नाही, बोल पाठ करायचे नाहीत. त्यांच्याही पुन्हा प्रतिमा घ्यायच्या आणि मग त्यांची शिकायची पाळी. यात मला काही गैर दिसलं नाही. वर्गात मीसुद्धा एक कुंडी उजेडात नि एक अंधारात ठेवायचे. अंधारातली नसेल तर उजेडानं काय केलं ते कळणार कसं? पण तू पुढं म्हणालास की कोण शिकेल आणि कोण थांबेल ते कॉम्प्युटर ठरवेल. नाना उठून उभे राहिले.

"देवळात कोणी शिकाचां आणि कोणी नाय तां तुझो कॉम्प्युटर ठरवतलो? मगे रवळनाथ हयसर कित्याक आसा?"

पुन्हा सगळ्या माना हलल्या. आणि तू, एवढं जग बघून आलेला माणूस, म्हणालास, बरं, कौल लावा. गुरवानं देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावल्या. एकेकाचं नाव घेऊन विचारायचं, उजवीकडची पडली तर शिकायचं, डावीकडची पडली तर थांबायचं. मी भिंतीकडे तोंड करून बसले. घरी आल्यावर तुला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. शास्त्रज्ञ म्हणवतोस आणि पाकळ्या मोजतोस, हा त्यातला सगळ्यात सौम्य भाग. तू शांतपणे भात कालवत होतास. म्हणालास, चिठ्ठी काय, कॉम्प्युटर काय आणि पाकळी काय, कोणाचा हात त्यात नसला की झालं. कॉम्प्युटरचं इथं कोणी ऐकणार नाही, रवळनाथाचं ऐकतील. तुझ्या हुशारीचं मला कौतुक वाटलं होतं. चेहऱ्यावर दाखवलं नाही. चेहरा खोटं बोलतो, हे तूच सांगितलं होतंस.

माझी पाकळी डावीकडे पडली होती.

मी म्हटलं, मी कौल मानत नाही, मला शिकणाऱ्यांत घाल. तू म्हणालास, मग नाणेफेक समज, ती तरी मानतेस ना? सख्ख्या बहिणीसाठी तू एक नाव इकडचं तिकडे केलं नाहीस. आठवडाभर मी तुला कढी वाढली नाही. तुला कढी किती आवडायची ते मला माहीत होतं, म्हणूनच.

पण रवळनाथाचं ऐकतील म्हणताना तू एक गोष्ट विसरलास. आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं ती. डावा कौल शेवटचा नसतो. माणूस पुन्हा जातो, देवाला नीट समजावून सांगतो, नारळ कबूल करतो आणि पुन्हा विचारतो. थांबायला सांगितलेली माणसं एकेक करून गुरवाकडे गेली. कोणाला दुसऱ्या खेपेला उजवा मिळाला, कोणाला आणखी एक खेप लागली. उजवा मिळाला की माणूस थेट बुवांसमोर मांडी घालून बसायचा. बुवांना वाटलं तूच पाठवलास. तुला कोणी सांगितलं नाही, कारण लपवण्यासारखं त्यात काही आहे असं कोणाला वाटलंच नाही. चतुर्थीला आपल्या घरी भजन आलं, तेव्हा अंधारातली एक कुंडी आपल्या गणपतीसमोर बसून मृदंग वाजवू लागली. तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी आत जाऊन पोट धरून हसले. तू नानांना जाब विचारलास. ते म्हणाले, "देवान आधी नाय म्हटल्यान, मगे व्हय म्हटल्यान. देवान इचार बदलूचो नाय काय?"

थांबणाऱ्यांत शेवटी उरलो दोघी. एक कोपऱ्यावरच्या घरातली काकी. ती गोव्याला गाडीतून जायला मिळतं म्हणून आली होती, मृदंगाशी तिला देणंघेणं नव्हतं. दुसरी मी. मलाही गुरवाकडे जाता आलं असतं. कदाचित पहिल्याच फटक्यात उजवा मिळाला असता. पण पुन्हा कौल लावायचा म्हणजे पहिला कौल खरा मानायचा, आणि तुझ्यापुढं मी जन्मात तेवढी वाकले नसते. माझ्या तुसडेपणानंच मला बांधून ठेवलं. देवळातून मृदंग ऐकू यायचा आणि मी मागच्या दारी काजूच्या पानांचा केर काढत बसायचे. बोटं मांडीवर आपोआप हलायला लागली की झाडू घट्ट धरायचे.

चतुर्थी सरली. तू पडवीत गुडघे पोटाशी घेऊन बसला होतास. तसा बसलेला मी तुला लहानपणी पाहिला होता, शाळेत नापास झाला होतास तेव्हा. मी चहा आणून ठेवला. म्हटलं, मी आसंय, मी मिरदंगाक हात लावक नाय. तू वर बघितलंस. दिवाळीनंतर पुन्हा प्रतिमा घ्यायच्या, म्हणालास, तोवर तरी नको लावूस. मग तुझी पाळी. तेव्हा मी ते विचारलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

"आणि तवसर माझां आवशीसारख्यां झालां तर?"

तू चहाचा कप बाजूला सरकवलास. मग म्हणालास की कुठल्याही एका माणसाचं पुढं काय होणार ते तुझ्या या प्रतिमांवरून सांगता येत नाही, त्या त्यासाठी नसतात, आणि सांगता येतं म्हणणारा फसवत असतो. मनात भीती असेल तर साध्या डॉक्टरकडे नेतो, तपासून घेऊ. मी म्हटलं, तू लपवतोस.

"लपवूक माझ्याकडे कायच नाय," तू म्हणालास. "तुका वेळ आसा, ताय."

दसरा झाला आणि एका सकाळी तू उठलाच नाहीस. वेळ मला होता. तुला नव्हता, आणि हे तुझ्या कुठल्या यंत्राला दिसलं नाही. शिरा पडो त्या यंत्रावर. तू खरं बोललास की बहिणीची समजूत घातलीस, ते मला आता कधीच कळणार नाही. रोज सकाळी मी एकदा मानते की खरं बोललास. संध्याकाळपर्यंत ते टिकत नाही.

बाराव्याच्या संध्याकाळी घरी भजन झालं. तुझे सगळे शिकलेले म्हातारे आले. काय वाजवत होते, दिगू. एकाची थाप अंगणात तर दुसऱ्याची माजघरात. तुझ्या विज्ञानाचं हे फळ. पण नानांच्या कपाळावर आठी नव्हती. एवढं तर मला यंत्राशिवाय दिसतं. शेवटच्या अभंगाआधी बुवांनी मृदंग माझ्यापुढं सरकवला. म्हणाले, बाई, भावाच्या नावान एक थाप मारा. सगळं घर माझ्याकडे बघत होतं. मी हात मांडीवरून उचलले नाहीत. मागून कोणीतरी म्हणालं, काळीज नाय गो हिका.

एका थापेनं मेंदूत काय होणार होतं? तू असतास तर हसून म्हणाला असतास, मार गो. पण मी सांगितलं होतं की हात लावणार नाही. त्या खोलीत तो मृदंग सगळ्यात जास्त मला हवा होता, आणि मी हातावर हात धरून बसले, तुझ्यासाठी अडाणी राहून. शोकसभेत माझं भाषण मागत होते. माझं भाषण ते होतं. कोणाला ऐकू आलं नाही.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. सांगितली असती तर महिनाभर फुगून फिरला असतास. तू परत आलास तेव्हापासून संध्याकाळी पडवीत भांडायला माणूस होतं. आई गेल्यानंतरची माझी बरी वर्षं तीच. तुझी अक्कल मला कधी पटली नाही, पण तू दारात यावास असं मला रोज वाटायचं. अजून वाटतं.

काल गोव्याहून फोन आला. तुझ्याबरोबर काम करणाऱ्या त्या डॉक्टर बाई. फार गोड, फार शुद्ध बोलतात. म्हणाल्या, मॅडम, खरं सांगायचं तर आता दोघींच्याच प्रतिमांवरून काही सिद्ध होणार नाही, या प्रसंगात तुम्ही नाही आलात तरी आम्ही समजू शकतो. मी म्हटलं, मी विज्ञान शिकवलेलं आहे, दोघींवरून काही सिद्ध होत नाही हे मला ठाऊक आहे. गाडी कधी पाठवताय तेवढं सांगा. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग दिवस सांगितला. काकीला निरोप दिला, ती लगेच पातळाची घडी मोडायला बसली.

तेव्हा जाणार आहे. त्या बोगद्यात झोपणार आहे. कानात मृदंग वाजेल, आणि मान हलवू नका, असं कोणीतरी परक्या आवाजात सांगेल. मी हलवणार नाही. तुझ्या कामात एका तरी माणसाच्या आधीच्या नि नंतरच्या प्रतिमा स्वच्छ असतील, आणि त्या काही न शिकलेल्या बाईच्या असतील. त्याच संध्याकाळी बुवांकडे जाऊन बसणार आहे. मग जे काय माझ्या डोक्यात बदलायचं ते बदलेल नाहीतर नाही, त्याचा फोटो तुला काय, तुझ्या बापालाही मिळणार नाही.

फक्त एक विचारून घ्यायचं राहिलं. आडवं झोपून रडू आलं की पाणी कानात जातं, आणि ते पुसायला हात हलवता येत नाही. तेवढं तुझ्या यंत्राला चालतं काय रे?